नंदू मेस्त्रीची फुंकर

"या अख्ख्या मुलुंडात माझ्यापेक्षा जास्त कॅसेट कळणारा माणूस दाखव, मिशी काढून फिरेन!" नंदू मेस्त्री म्हणाला. नंदूला मिशी नव्हती, त्यामुळे पैज तशी सुरक्षित होती.

"आधी तो पुढचा दात बसवून घे," त्याची बायको जान्हवी म्हणाली. "कॅप हलतेय ती. पेरू खाताना पडेल एक दिवस."

पण नंदूला दाताची काळजी नव्हती. त्याला काळजी होती तिसऱ्या मजल्यावरच्या सुशांत गमरेची.

सुशांत भाड्याने राहायला येईपर्यंत सोसायटीत कुस्तीचे कार्यक्रम, जुने व्हिडिओ गेम आणि मारधाडीचे सिनेमे या तीन विषयांत शेवटचा शब्द नंदूचा असे. मग हा तिशीचा मुलगा आला. त्याच्या घरात काचेचं कपाट, कपाटात टीव्हीला जोडायची जुनी गेमची मशीनं, ओळीने लावलेल्या त्यांच्या कॅसेट आणि पैलवानांच्या पत्त्यांचे आठ कॅट, एकही पत्ता न हरवलेले! नंदूच्या कॅटमध्ये सतराच पत्ते उरले होते आणि त्यातल्या तिघांना त्याच्या मुलीने, दिशाने, लहानपणी स्केचपेनने लिपस्टिक लावली होती.

वर सुशांत नम्र! हे तर फारच झोंबायचं.

"हल्लीची कुस्ती बघतोस ना?" नंदू लिफ्टमध्ये त्याला म्हणाला होता. "अर्धा तास माईक धरून भांडतात, आपल्या वार्षिक सभेसारखे! आमच्या वेळी आधी डोक्यात खुर्ची, मग चर्चा!"

"अगदी बरोबर, काका," सुशांत म्हणाला आणि ही पद्धत कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात सुरू झाली तेही सांगून मोकळा झाला.

काका! चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला काका!

हेही नंदूने गिळलं असतं. पण त्याची तेरा वर्षांची दिशा, जी कालपर्यंत "बाबा, हा सिनेमा बघू का?" असं विचारून मगच बघायची, ती आता "सुशांतदादा म्हणतो" शिवाय वाक्यच सुरू करेना. सुशांतदादा म्हणतो व्हिलनच खरा हीरो आहे. सुशांतदादा म्हणतो पहिला भाग बघ, दुसरा बघू नको. नंदू हेच गेली दहा वर्षं म्हणत होता! तेव्हा ती "हं" म्हणायची. नंदूचा जळून कोळसा झाला होता.

आणि मग सुशांतने सोसायटीच्या ऑफिसात रविवारी दुपारी चार वाजता जुन्या गेमची स्पर्धा ठेवली. वडीलधारे म्हणून कॉमेंट्री नंदूकडे दिली. नंदू जरासा विरघळलाही. पण नोटीस बोर्डावरची शेवटची ओळ वाचून त्याचं टाळकं सटकलं: "कॅसेटमध्ये कोणीही फुंकर मारू नये. थुंकीने पिना गंजतात."

"फुंकर मारू नये?" नंदू घरात ओरडला. "माझी अख्खी जवानी फुंकरीवर गेलीय! भांडुपच्या चाळीत लोक मेलेल्या कॅसेट माझ्याकडे घेऊन यायचे! एक फुंकर, की गेम चालू!"

"सुशांतदादा म्हणतो तो योगायोग असतो," दिशा म्हणाली. "मुळात कॅसेट काढून परत घातल्यानेच चालते."

योगायोग! नंदूने त्याच क्षणी ठरवलं. पोरीसमोर दाखवून द्यायचं.

रविवारी तीनलाच, कॉमेंट्रीची तयारी करतो असं सांगून त्याने सेक्रेटरी चंद्रप्रकाश काकांकडून ऑफिसची किल्ली घेतली. टेबलावर मशीन तयार होतं. नंदूने कॅसेट बाहेर काढली. बोटाला नुकत्याच खाल्लेल्या चिवड्याचं तेल होतंच. ते त्याने कॅसेटच्या पट्टीवर मनापासून चोळलं आणि ती जागच्या जागी ठेवली. आता सुशांत हात टेकणार आणि नंदूची फुंकर धावून येणार!

चार वाजता ऑफिस भरलं. पुढे पोरं, मागे आईबाप, आणि खास स्वतःची खुर्ची घेऊन आलेल्या रत्नप्रभा काकू. सुशांतने मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ सुरू केला, मशीनचं बटण दाबलं. पडद्यावर नुसते पट्टे! त्याने कॅसेट काढली, कापसाच्या काडीने पुसली, घातली. पट्टे! पुन्हा पुसली. पट्टे!

"अरे, चालू होणार की चहा मागवू?" चंद्रप्रकाश काका म्हणाले.

सुशांतच्या कपाळावर घाम आला. नंदूच्या जिवाला केवढा गारवा वाटला! तो सावकाश उठला.

"आण इकडे," तो म्हणाला. "दिशा, बघ गं नीट."

त्याने शर्टाच्या टोकाने कॅसेटची पट्टी पुसली, कारण आपण काय चोळलंय ते त्याला ठाऊक होतं. मग डोळे मिटले आणि कॅसेटमध्ये एक लांब फुंकर मारली. आणि चाळीतल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे दुसरी, जोरदार, मशीनच्या खाचेत!

फूऽऽऽ! टक!

टक?

नंदूची जीभ पुढच्या दाताकडे गेली आणि थेट बाहेर आली. कॅप मशीनच्या पोटात गेली होती! त्याने ओठ घट्ट मिटले, मुकाट्याने कॅसेट खाचेत बसवली आणि बटण दाबलं. पडद्यावर लखलखीत गेम सुरू झाला.

टाळ्याच टाळ्या! दिशा तर खुर्चीवर चढली. "माझे बाबा!"

"काका, मानलं!" सुशांतने माईक पुढे केला. "बोला दोन शब्द!"

"म्म," नंदू म्हणाला.

"बघा," सुशांत भारावून म्हणाला, "एवढं करून एक शब्द बढाई नाही! खरा फॅन असा असतो!"

एरवी ज्या कौतुकासाठी नंदूने जीव टाकला असता ते समोर वाढलेलं होतं आणि त्याला तोंड उघडायची सोय नव्हती. तासभर तो मान हलवत बसला. शेवटी अंतिम फेरीसाठी सुशांतने दुसरी कॅसेट घातली. ती बसेना. दाबली, तर आतून कट्ट आवाज आला. सुशांतने स्क्रू काढून मशीनचं झाकण उघडलं, चिमट्याने काहीतरी बाहेर काढलं आणि मोबाईलसमोर धरलं.

"हा... हा दात आहे!"

"अगं बाई!" रत्नप्रभा काकू खुर्चीसकट मागे सरकल्या. "कोणाचा?"

"काय माहीत! मशीन मी चोरबाजारातून आणलंय."

"म्हणजे कोणाला तरी मारून लुटलेलं असणार!" काकूंनी निकाल दिला. "चंद्रप्रकाश, पोलिसांना फोन लाव!"

"भाडेकरू ठेवताना चौकशी करायला हवी होती," मागून कोणीतरी म्हणालं. सुशांतचा चेहरा पांढरा पडला.

नंदू गप्प. नुसतं असंच बसून राहायचं होतं! आठ दिवसांत सुशांत खोली सोडून गेला असता. लिफ्टमध्ये पुन्हा नंदूचाच शब्द, घरात पुन्हा "बाबा म्हणतात". त्याला हे इतकं हवंहवंसं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली तरी तो गप्पच राहिला, हेही सांगायला हवं.

"आधी ती अभद्र वस्तू इथून हलवा!" काकूंनी मशीन आणि कॅसेट दोन्ही उचलून कचऱ्याच्या बादलीवर धरली.

ती तसलीच पिवळी कॅसेट होती, जिच्यावर नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेले आणि आत फक्त सात असायचे. शेवटचा राक्षस नंदूने जिच्यात नववीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मारला होता, तस्सीच!

"काकू, थांबा!" नंदू किंचाळला. "दात माझा आहे! तेलही मीच लावलं!"

प्रत्येक शब्दासोबत फटीतून शिट्टी वाजली. मग ऑफिस असं हसलं की चंद्रप्रकाश काकांचा चहा नाकात गेला. जान्हवी एवढंच म्हणाली, "पेरू म्हटलं होतं मी."

सुशांतने मात्र नंदूला मिठी मारली. "काका, तेल लावलंत त्याचं मी बघून घेईन," तो डोळे पुसत म्हणाला. "पण मशीन वाचवलंत!"

तो व्हिडिओ सव्वादोन लाख लोकांनी बघितला. नंदूने नवी कॅप बसवून घेतली. जुनी सुशांतने मागून घेतली आणि काचेच्या कपाटात पिवळ्या कॅसेटशेजारी मखमलीवर ठेवली. दिशा आता रोज शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाते आणि अभिमानाने सांगते, "हा माझ्या बाबांचा दात!"

परवा नंदू मुद्दाम त्याच वेळी तिथे गेला. दारात उभा राहिला, खाकरला, नव्या दातासकट हसलाही.

"काका, जरा बाजूला व्हा ना," एक मैत्रीण मोबाईल वर धरत म्हणाली. "दात झाकला जातोय."

आता नंदू सुशांतवर जळत नाही. दातावर जळतो.