फाईलमधून बाहेर या

खांबेटे मॅडम कंप्युटरला हात लावण्याआधी त्याच्यावर टकटक करतात. मॉनिटरच्या कडेवर, मधल्या बोटाच्या पेराने, आपण बाथरूमच्या बंद दारावर करतो तशी. मग मान जराशी तिरकी करून विचारतात, "कोण आहे आत?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. मी तिथे नवीन होतो. कोथरूडमधल्या एका शिक्षणसंस्थेचं कार्यालय. मॅडम तिथल्या अधीक्षक, मी कनिष्ठ लिपिक. मी मांजरी गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र आईने देव्हाऱ्याशेजारी लावलंय, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवलं की मी संकोचून वगैरे जात नाही. मला बरं वाटतं. तर अशा पदवीधराने पहिल्याच आठवड्यात वर्डची एक फाईल उघडायला घेतली आणि पडद्यावर इंग्रजी चौकट आली. फाईल लॉक आहे म्हणे. मला वाटलं, गेली नोकरी, आपणच काहीतरी मोडलं.

मॅडम आल्या. टकटक केली. चौकट वाचली.

"मोडलेलं काही नाही, कुंजीर. आत देशमाने बाई आहेत." मग पलीकडच्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "देशमाने बाई, फाईलमधून बाहेर या!"

"आले हं, एवढी ओळ संपवते!"

ओळ संपली आणि माझी फाईल उघडली.

मॅडमचं म्हणणं असं की फाईल कधी आपण होऊन लॉक होत नाही. आत माणूस असतो. आपल्या ऑफिसातल्या फाईली सगळ्यांना मिळून आहेत. एकाने उघडली की दुसऱ्याला ती बदलता येत नाही. लोक मात्र चौकट दिसली की कंप्युटर बंद करून चालू करतात, वायरी हलवतात, एक जण तर माउस आपटतो. चौकटीत आतल्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचायचं कुणाला सुचत नाही. "दारावर पाटी आहे, ती वाचायची नाही आणि दाराला लाथा मारायच्या," मॅडम म्हणतात. "पुण्यात राहून हे जमतं कसं लोकांना?"

एका शनिवारी दुपारी परीक्षेच्या सूचनांची फाईल लॉक झाली. छपाईवाला खाली येऊन बसलेला. आतल्या माणसाचं नाव होतं, आमचे मुख्याध्यापक. मॅडमनी शिपायाकडून सरांची केबिन उघडून घेतली. कंप्युटर चालू, फाईल उघडी, खुर्ची रिकामी. मॅडमनी उभ्यानेच फोन लावला.

"सर, आपण फाईलमध्ये आहात."

"मी? अहो मॅडम, मी खडकवासल्याला आहे. घरचे सगळे बरोबर आहेत. कणीस खातोय."

"कणीस खा. पण फाईलमधून बाहेर या."

"इथून कसा येऊ?"

"मी काढते तुम्हाला. फक्त एक सांगा. 'विद्यार्थ्यांनी येताना' असं लिहून आपण उठला आहात. पुढे काय?"

बराच वेळ फोनमधून नुसता वारा आणि पोरांचा आरडाओरडा ऐकू आला.

"'पाण्याची बाटली आणावी,' असं असेल बहुतेक."

"बहुतेक नको. आठवा. मी थांबते."

सरांनी आठवलं. बाटलीच होती. मॅडमनी ती टाईप केली, सेव्ह केलं, सरांना आदराने बाहेर काढलं.

मी म्हटलं, "मॅडम, सरळ बंद करायची ना. एका बाटलीसाठी एवढं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुंजीर, आतल्या माणसाचं अर्धं वाक्य असतं. त्याला विचारल्याशिवाय ते पुसायचं नाही. तुमचं कुणी पुसलं तर?"

माझं तोवर कुणी पुसलं नव्हतं, पण मी गप्प बसलो. मॅडमसमोर गप्प बसणं हे ऑफिसातलं निम्मं काम आहे.

पासवर्डाच्या बाबतीत त्या डॉक्टरासारख्या वागतात. आधी रोग्याला बसवतात, पाणी देतात, मग प्रश्न. आमचे खेळाचे जगताप सर एकदा लालबुंद होऊन आले. क्रीडामहोत्सवाचा अहवाल त्यांनी पासवर्ड घालून ठेवला होता आणि आता तो उघडत नव्हता.

"माझ्या मुलीचं नाव आहे हो पासवर्ड! स्वतःच्या मुलीचं नाव विसरेन का मी?"

"मुलीचं नाव बरोबरच असणार. अहवाल कशात लिहिलात?"

"मराठीत. का?"

"आणि लिहून झाल्या झाल्या पासवर्ड घातलात?"

"हो."

"मग कीबोर्ड तेव्हा मराठीवरच होता. तुम्ही इंग्रजी बटणं दाबलीत, आत मराठी अक्षरं उमटली. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, तुम्हाला कसं कळणार?" मॅडमनी कीबोर्ड मराठीवर घेतला. "आता तीच बटणं दाबा."

अहवाल उघडला. जगताप सर इतके खूश झाले की खुर्चीतल्या खुर्चीत त्यांनी कवायत केली.

पासवर्ड तोडणारी सॉफ्टवेअरं नेटवर फुकट मिळतात, असं कुणी सुचवलं की मात्र मॅडम थंड आवाजात विचारतात, "चोराला किल्लीवाला म्हणून घरात घेणार का? घ्या. मी रजेवर जाते." विषय तिथेच मिटतो.

पण मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. कधीकधी फाईल लॉक दाखवते, नावही दाखवते, आणि त्या नावाचा माणूस आपल्याशेजारी उभा राहून शपथेवर सांगतो की मी आत नाही. अशा वेळी मॅडम खुलतात. "माणूस गेला, चप्पल राहिली," म्हणतात.

त्याचं असं आहे. तुम्ही फाईल उघडली की कंप्युटर तिच्याशेजारी एक बारकीशी, सहसा न दिसणारी फाईल ठेवतो. तिच्यात तुमचं नाव. तुम्ही बाहेर पडलात की ती आपोआप जाते. पण तुम्ही आत असताना वीज गेली, मशीन अचानक बंद पडलं, तर ती तिथेच राहते. "दारात चप्पल दिसते म्हणून कंप्युटर म्हणतो, आहेत की आत! भोळा आहे बिचारा." मग मॅडम त्या माणसाला पुन्हा विचारतात, "खरंच बाहेर आहात ना?" आणि ती बारकी फाईल शोधून काढून टाकतात. "उचलली चप्पल."

मी हे सगळं त्यांच्याकडून शिकलो. गावी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तुजी म्याडम दिवसभर लोकांच्या चपला उचलती व्हय?" मी म्हटलं, हो. आणि हे काम भल्याभल्यांना जमत नाही.

आता वसंतरावांबद्दल सांगायला हवं. वसंतराव म्हणजे मॅडमचे यजमान. भूगोलाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक ध्यास घेतला: खडकवासल्याहून निघालेला कालवा पार आमच्याकडे उसापर्यंत येतो, त्या कालव्याकाठच्या माणसांवर पुस्तक लिहायचं. मी मांजरीचा हे कळल्यावर मॅडमनी माझी त्यांच्याशी गाठ घालून दिली, आणि मी त्यांची आमच्या अण्णांशी. त्यानंतर माझ्या वडिलांना मी लागेनासा झालो. वसंतराव स्कूटरवरून यायचे, दोघं चारीच्या, म्हणजे शेतात पाणी नेणाऱ्या पाटाच्या, कडेला बसायचे. अण्णा पाण्याच्या पाळ्यांचं सांगायचे, वसंतराव लिहून घ्यायचे. आमच्या अण्णांचं सांगणं कुणीतरी लिहून घेतंय, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग वसंतराव गेले. हॉलमध्ये लिहीत बसले होते, छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, परत आले नाहीत.

मॅडम महिन्याभरात कामावर आल्या. रडणं नाही, सांगणं नाही. वसंतरावांचे कपडे देऊन टाकले, स्कूटर देऊन टाकली, लॅपटॉप एका गरजू मुलीला दिला. "वस्तू वापरात असाव्यात," एवढंच म्हणाल्या.

राहिलं पुस्तक. अण्णा दर रविवारी विचारायचे, "सरांचं बुक आलं का रं?" मी सोमवारी मॅडमना विचारायचो. मॅडम म्हणायच्या, "ती फाईल लॉक आहे."

जगतापांची फाईल उघडणाऱ्या बाई घरची फाईल उघडू शकत नाहीत, म्हणजे वसंतरावांनी काहीतरी भलताच पासवर्ड घातला असणार, असं मी धरून चाललो. अण्णांना तसं सांगितलं. अण्णांचं वय झालंय. पाटाच्या कडेला आता काठी घेऊन जातात. ते म्हणाले, "माज्या डोळ्यादेखत व्हईल का न्हाई, तेवढं इचार."

हे मात्र मॅडमना विचारायचं धाडस माझ्याने होईना. शेवटी अण्णाच निघाले. गुळाची ढेप पिशवीत घातली, मला पुढे घातलं, आणि एका रविवारी आम्ही मॅडमच्या दारात.

मॅडमनी पाणी दिलं. अण्णांनी ढेप पुढे ठेवली आणि आडवळण न घेता म्हणाले, "म्याडम, सरांचं बुक."

"ती फाईल लॉक आहे, अण्णा."

"तोडा की मग. शेतातल्या खोपीचं कुलूप आमी धा डाव तोडलंया."

मॅडम मला म्हणाल्या, "बसा कुंजीर. बघा तुम्हीच."

हॉलमधल्या कंप्युटरवर मी बसलो. 'कालव्याकाठी' नावाची फाईल होती. उघडायला गेलो. चौकट आली. मी तयारीत होतो, पण पासवर्ड कुणी मागितलाच नाही. चौकटीत एवढंच होतं की ही फाईल लॉक आहे, आत वसंत खांबेटे आहेत.

फाईल या कंप्युटरवर ठेवलेली, वसंतराव ती उघडून लिहायचे लॅपटॉपवरून. ते उठून दवाखान्यात गेले तेव्हा ती उघडीच होती, आणि लॅपटॉप बॅटरी संपून आपोआप बंद पडला असणार. मी शेजारी शोधलं. बारकी फाईल तिथेच होती.

"मॅडम," मी म्हटलं, "ही तर चप्पल आहे."

"माहितीये."

मी माउस तिच्यावर नेला. मॅडमनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नको रे," त्या म्हणाल्या. मला अरेतुरे त्यांनी कधी केलं नव्हतं. "रोज रात्री उघडायला जाते मी. रोज सांगतो तो, आत आहेत. भोळा आहे ना."

अण्णांना कंप्युटरमधलं काही कळत नाही. पण ते खुर्ची ओढून मॅडमच्या जवळ बसले. "आन बुक छापलं की सर संपलं," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

मग मॅडम पुढे वाकल्या आणि मॉनिटरच्या कडेवर टकटक केली.

"अहो," त्या म्हणाल्या. ऑफिसातला आवाज नव्हता तो. "मांजरीचे अण्णा आलेत. बाहेर येताय?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पडद्याकडे बघत राहिलो. चौकट होती तशीच होती.

"नाही येत," मॅडम म्हणाल्या. डोळे पदराने टिपले आणि ताठ बसल्या. "कॉपी काढा, कुंजीर. कॉपीला लॉक नसतो. मूळ फाईलला आणि चपलेला हात लावू नका."

मी कॉपी काढली. ती उघडली, सगळी पानं नीट होती. दोन शब्द झाले की सेव्ह करायचं, ही सवय वसंतरावांना मॅडमनीच लावलेली, त्यामुळे शेवटचं वाक्यसुद्धा जागेवर होतं. मी मोठ्याने वाचलं, "'मांजरीचे कुंजीर अण्णा सांगतात, कोरड्या चारीला पाणी सुटलं की ते दिसायच्या आधी...' पुढे काही नाही, मॅडम."

मॅडम अण्णांकडे वळल्या. "अण्णा, दिसायच्या आधी काय?"

"बगळं," अण्णा लगेच म्हणाले. "पाण्याच्या तोंडाम्होरं किडं पळत्यात, त्येंच्यावर बगळं येत्यात. आदी बगळं दिसत्यात, पाणी मागनं. सरांना सांगितलं व्हतं मी. त्येंचं लिवायचं ऱ्हायलं."

"नक्की?"

"बहात्तर सालच्या दुष्काळातबी बगळंच आलं व्हतं. नक्की."

मॅडमनी मला उठवलं, स्वतः बसल्या आणि ते वाक्य पूर्ण केलं. पूर्णविराम दिला. सेव्ह केलं. पुस्तक आता छपाईला गेलंय. अण्णा रविवारी विचारतात, मी तारीख सांगतो.

त्या दिवशी निघताना मी पायात बूट चढवत होतो. मॅडमनी कॉपी बंद केली आणि मूळ फाईलवर पुन्हा टिचकी मारली. चौकट आली. त्यांनी ती सावकाश, नाव येईपर्यंत वाचली, आणि बंद केली.

"चालू द्या तुमचं," म्हणाल्या, आणि गुळाची ढेप उचलून आत ठेवायला गेल्या.