सबनीसांची सतरा मिनिटं

सबनीसांच्या घरी चहा मिळतो, पण सतरा मिनिटांनी. तोवर त्यांची फिल्म बघावी लागते. "एक्सपेरिमेंटल आहे," ते आधीच दम देतात, "स्टोरी शोधू नका यार."

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या नव्या सोसायटीत लिफ्ट सुरू व्हायच्या आधी ही फिल्म सुरू झाली. सबनीस सरकारी इंजिनिअर. परदेशात कुठेसा पूल बांधायला गेले आणि तिथलं सरकारच कोसळलं. रस्त्यावर रणगाडे, गोळीबार, कर्फ्यू. हे नऊ दिवस हॉटेलच्या खोलीत, सोबत नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा. दुसऱ्या कुणी क्रांती टिपली असती. सबनीसांनी किटली टिपली. मग खिडकीचा पडदा, स्वतःचे पाय, किटलीतच शिजणारी खिचडी आणि शेवटी चार मिनिटं नुसतं बंद दार. मागे तानपुरा.

"बाहेरचं काहीच नाही?" मी एकदा विचारलं.

"मीच तिथे बाहेरचा. बाहेरचा माणूस आत बसून आतलंच बघणार. बिल्कुल लॉजिकल!"

गणपतीत त्यांना ती सगळ्या सोसायटीला दाखवायची होती. कार्यक्रमांचं लोढणं माझ्या गळ्यात. समितीने आरती आणि प्रसादाच्या मधली तेरा मिनिटं दिली. मोदक गार होतील म्हणून त्यावरही नाकं मुरडली गेली. मी सबनीसांना गाठलं. किटली, पाय, खिचडी, सगळं छाटायला ते तयार.

"त्यापेक्षा दार काढा ना," मी म्हटलं. "चार मिनिटं काही घडतच नाही."

ते हसले नाहीत. "देशमुख, तेव्हा कुणीतरी दार ठोठावत होतं. बाई होती. भाषा कळत नव्हती, रडणं कळत होतं. मी कॅमेरा धरून उभा. उघडलं नाही. तो आवाज मीच तानपुऱ्याने झाकला."

चेष्टेची सवय असलेल्या माणसाची अशा वेळी फार पंचाईत होते. "मग लोकांना दाखवता कशाला?"

"कुणीतरी त्या दाराबद्दल विचारेल म्हणून. इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही. सगळे चहा पितात, 'अच्छा, छान' म्हणतात."

त्या सगळ्यांत मीही होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मोदक गार झाले तर होवोत, असं समितीला सांगून मी फिल्म अख्खी दाखवली. मांडवातल्या टीव्हीवर दार आलं तशी पोरं ओरडली, "अंकल, फॉरवर्ड करो!" मी सबनीसांशेजारी जाऊन बसलो आणि हळूच विचारलं, "का नाही उघडलंत?"

"भीती वाटली हो," ते म्हणाले, आणि चार मिनिटं संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.