टेलरभाऊंचं कोरं रेकॉर्ड

शाळेचं पत्र आलं तेव्हा टेलरभाऊंच्या बायकोला झाला आनंद आणि भाऊंना फुटला घाम.

अख्ख्या शाळेचे गणवेश शिवायचं काम भाऊंना मिळालं होतं. अट एकच. मापं घ्यायला शाळेत यावं लागणार, तेव्हा आपल्यावर कुठलाही गुन्हा नसल्याचा पोलिसांचा आणि कोर्टाचा दाखला आणून द्यावा.

“मग आणा की!” बायको म्हणाली. “तुमच्यावर कुठं काय आहे?”

“नाही ना! तीच तर पंचाईत आहे,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी आधी खिडकी लावून घेतली.

पंचाईत अशी, की भाऊंनी खून केलाय यावर सगळ्या गल्लीचा विश्वास होता. तरुणपणी भाऊ जेलमध्ये कैद्यांना शिवणकाम शिकवायच्या नोकरीवर होते. सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी घरी यायचे. पुढे या गल्लीत दुकान थाटलं, तेव्हा समोरच्या किराणावाल्यानं सहज विचारलं, “याआधी कुठं होतात?” भाऊ म्हणाले, “जेलमध्ये होतो, चांगली तीन-चार वर्षं.” पुढचं वाक्य बाहेर पडायच्या आत किराणावाल्याच्या हातातलं साखरेचं माप खाली पडलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या या टोकाला भाऊंनी एक खून केला होता आणि त्या टोकाला दोन.

भाऊंनी पहिले काही दिवस खुलासा करायचा प्रयत्न केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या दुकानासमोर कुणी गाडी लावत नाही, शिलाईत घासाघीस करत नाही, आणि पँट चार बोटं आखूड झाली तरी गिऱ्हाईक “हवा चांगली लागते” म्हणत घेऊन जातं. मुळात भाऊंचा हात कात्रीवर जरा सैलच होता. तेव्हा त्यांनी खुलासा करणं सोडून दिलं.

आता त्या सगळ्यावर पाणी पडणार होतं. पण शाळेचं काम सोडायला बायको तयार नव्हती. भाऊ पोलीस ठाण्यात गेले.

“आमच्याकडे तुमच्या नावावर काही दिसत नाही,” हवालदार म्हणाले. “पण कोर्टाचं आणा आधी. मग आम्ही देतो.”

कोर्टातले रेकॉर्डवाले कारकून चष्मा पुसत होते. “गुन्हा क्रमांक?”

“गुन्हा नाहीये साहेब. तो नाही, एवढंच लिहून हवंय.”

“अहो, पण नसलेला गुन्हा मी शोधू कुठल्या कपाटात? चोरीची कपाटं या बाजूला. मारामारीची त्या बाजूला. काहीच न केलेल्यांचं कपाट नाहीये आमच्याकडे.”

“मग मी काय करू?”

“तुमच्याबद्दल संशय आहे असं पोलिसांचं पत्र आणा. सगळी कपाटं उघडतो. नुसत्या सज्जनपणावर कुलूप निघत नाही.”

भाऊ परत ठाण्यात. हवालदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. “संशय असा उगाच कसा घ्यायचा? ठीक आहे. गल्लीत येऊन चौकशी करतो.”

भाऊंच्या मनात आलं, संपलं. आता पोलीस येणार, ‘हा तर साधा शिंपी आहे’ म्हणणार, आणि आखूड पँटवाले सगळे एकदम जागे होणार.

दुसऱ्या दिवशी हवालदार समोरच्या किराणा दुकानात शिरले. भाऊ मशीनवर बसून कान टवकारून ऐकत होते.

“ते समोरचे टेलर—”

“देवमाणूस!” किराणावाला ओरडला.

“अजून मी काही विचारलं नाहीये.”

“तरी देवमाणूस. लिहून घ्या. आणि मी हे म्हणालो हे त्यांना सांगा.”

हवालदारांची पेन्सिल थांबली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिना उतरताना दिसले. हवालदारांनी त्यांना हटकलं, तर ते जागच्या जागी ताठ झाले.

“आम्ही काही पाहिलं नाही.”

“काय नाही पाहिलं?”

“काहीच नाही. त्या दिवशी आम्ही गावाला गेलो होतो.”

“कोणत्या दिवशी?”

“तुम्ही म्हणाल त्या दिवशी.”

हवालदार रस्ता ओलांडून भाऊंच्या दुकानात आले ते डोळे बारीक करूनच. “काय केलंयत तुम्ही या लोकांचं? चला जरा ठाण्यात.”

गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून एक तरी डोकं बाहेर आलं होतं. भाऊ गळ्यात टेप तशीच ठेवून हवालदारांच्या मागून चालत गेले.

फौजदारांसमोर भाऊंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. जेल, नोकरी, साखरेचं माप, आखूड पँटी. फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमचं खरं असेलही,” ते म्हणाले. “पण शेजारी इतकं चांगलं बोलतात म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय. शेजारी असे बोलत नसतात. हवालदार, कोर्टाला पत्र द्या. आता संशय पुरेसा झालाय.”

ते पत्र पाहून कारकुनाचा चेहरा खुलला. “आता कसं! असं काहीतरी घेऊन यायचं, म्हणजे आम्हालाही काम करता येतं.” त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, हवालदारांनी बाह्या सरसावल्या, आणि धुळीनं शिंकत दोघांनी जुनी-नवी सगळी कपाटं पालथी घातली. चोरी नाही, मारामारी नाही, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण नाही. सायकलला दिवा नसल्याचा दंडसुद्धा नाही. जेलमधूनही उत्तर आलं, की सदर इसम आमचा नोकर होता, वागणूक उत्तम, शिलाई बरी.

दोन्ही दाखले भाऊंच्या हातात पडले. मुख्याध्यापकबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी दाखल्यांच्या प्रती शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लावल्या. ‘निष्कलंक’ हा शब्द त्यांनी लाल शाईनं अधोरेखित केला. गल्लीतली सगळी पोरं त्याच शाळेत जात होती. दुपारपर्यंत बातमी घरोघरी पोचली.

भाऊंनी दुकान उघडलं ते मनाची तयारी करूनच. टाके उसवायचं हत्यार हाताशी ठेवलं, जेवढ्या पँटी परत येतील तेवढ्या फुकट लांब करून द्यायचं ठरवलं. पोस्टमास्तरच आधी आले. हातात पँट नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“वाचले दाखले.”

“खरेच आहेत हो ते,” भाऊ म्हणाले. “मी माफी मागतो. मी कधी कुणाला...”

“मानलं तुम्हाला! एवढं मोठं प्रकरण, आणि कागदावर शाईचा ठिपका नाही. कोर्टातून गेलं, पोलिसांतून गेलं, जेलमधूनसुद्धा गेलं. म्हणजे हात पोचलेत तरी कुठवर!”

“अहो, मी तिथं शिवणकाम शिकवायचो!”

“बरोबर. कुणी विचारलं तर आम्हीही तेच सांगू.” पोस्टमास्तरांनी डोळा मारला आणि पाठ न दाखवता, उलट्या पावली दुकानाबाहेर गेले. समोर किराणावाल्यानं भाऊंना हात जोडले.

भाऊ डोकं धरून बसले असतानाच हवालदार आले. आज अंगात साधा सदरा होता. त्यांनी दुकानाचा पडदा ओढून घेतला.

“भाऊ, कपाटं मी स्वतः शोधलीत. त्यात आमच्या साहेबांचं नाव निघालं. माझ्या सासऱ्यांचं निघालं. कारकुनाचं तर दोनदा निघालं. तुमचंच तेवढं निघालं नाही. इतकी वर्षं नोकरी केली मी, एवढा कोरा माणूस आपोआप राहत नाही, हे मला कळतं.”

“म्हणजे?”

हवालदार खुर्चीच्या टोकावर टेकले. “माझी एक खात्याची चौकशी चालू आहे हो. बारीकशीच. तुमच्या माणसांकडून तेवढी... गायब झाली तर.”

भाऊ तोंड उघडणार, इतक्यात आतून बायकोचा आवाज आला.

“हवालदारभाऊ, चहा टाकलाय. पँटचं कापड आणलंयत ना?”

“कापड? नाही, मी त्यासाठी...”

“मग माप तरी देऊन ठेवा. कापड उद्या आणा. बाकीचं ते बघतील सावकाश.”

भाऊंनी उघडलेलं तोंड मिटलं, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, “उभे राहा. पोट आत घेऊ नका.”