चिऊच्या जोडीचं नाव

भावंडांची नावं एका दमात हाकारता आली पाहिजेत, आणि तशी जोडी जुळवायला आपल्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही, असं भोंग्याचं ठाम मत होतं. भोंगा म्हणजे बसस्थानकावर गाड्या पुकारणारा. मूळ नाव मागे पडून हेच त्याला चिकटलं होतं. पोराच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हा त्याचा निर्धार होता.

धोका तर दारातच उभा होता. थोरलीला सगळे चिऊ म्हणत. तिच्या पाठीवर मुलगा झाला आणि शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत जो तो म्हणू लागला, "म्हणजे हा काऊ."

"ते चिकटायच्या आत मी दुसरं ठरवतो," भोंगा बायकोला म्हणाला. "पिऊ कसं वाटतं?"

"अहो, प्रत्येक हाकेला तहान लागेल."

"मग मनू?"

"मनू म्हणजे मांजर," सासूबाई आतून म्हणाल्या. "जावईबापू, चिमणीशेजारी मांजर ठेवता?"

घरात एकमत होईना, तेव्हा त्याने नाव कानानेच पारखायचं ठरवलं. दुपारी वर्दळ कमी झाल्यावर त्याने काचेच्या केबिनचं दार लावलं, माईक बंद करायला बटण दाबलं आणि डोळे मिटून नेहमीच्या सुरात सुरुवात केली.

"चिऊ आणि जिऊ. चिऊ आणि मिठू. चिऊ आणि टिल्लू. चिऊ आणि राघू, असाल तिथून ताबडतोब घरी या. आई वाट बघतेय."

राघू कानाला गोड लागला. त्याने सगळं पुन्हा एकदा म्हटलं, या वेळी जरा कळवळून.

बटण बंद झालंच नव्हतं.

दार धाडकन उघडलं. एक कंडक्टर रडतं पोर काखेत घेऊन उभा होता. "हा टिल्लू असावा. नाव विचारलं की नुसतं भोकाड पसरतो." त्याच्या मागून त्या पोराची आई आली आणि तिने कंडक्टरच्या पाठीत पिशवी हाणली. तिच्या मागे एक आजोबा पिंजरा घेऊन. "मिठू आमचा आहे, पण तो हरवलेला नाही, एवढंच सांगायला आलो." बाहेर ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली होती. पाच लेकरं बेपत्ता असताना गाडी काढायला कुणी तयार होईना.

गर्दीतून वाट काढत स्थानकप्रमुख आत आले.

"कुणाची मुलं ही?"

"माझी, साहेब."

"पाचही?"

"नाही, दोनच. त्यातल्या एकाला अजून नाव नाही."

"नाव नाही, तर पुकारलंस कसं?"

भोंग्याने खरं काय ते सांगितलं. साहेबांनी नुसतं माईककडे बोट केलं. त्याने सगळ्यांची माफी मागितली, कुणी हरवलेलं नाही, बाळाचं नाव ठरवायचं चाललं होतं, असं जाहीर केलं. वाटलं, संपलं. तर फलाटावरून आवाज आला, "मग ठरलं कोणतं?"

आजोबा मिठूसाठी अडून बसले. पिशवीवाली बाई टिल्लूच्या बाजूने भांडायला लागली. गाड्या जागच्या जागी. शेवटी साहेबांनी माईक हिसकावला. "राघू ठरलं आहे. सर्व गाड्या ताबडतोब सोडा."

भोंगा छाती पुढे काढूनच घरी गेला. बायकोने चिऊ-राघू, चिऊ-राघू असं दोनदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. सासूबाईंनाही खोट सापडेना.

"काय चिऊताई, आवडलं का भावाचं नाव?" त्याने लेकीला विचारलं.

"आवडलं," ती चित्र रंगवता रंगवता म्हणाली. "पण मला आता चिऊ म्हणायचं नाही. मी मोठी झाले. माझं नाव वाघीण."

त्याने समजावलं, दटावलं, गोंजारलं. चिऊ म्हटलं की ती ढिम्म हलत नव्हती. पानं वाढून झाली, जेवण निवायला लागलं, तेव्हा त्याने हार मानली आणि स्थानकावरचा खणखणीत आवाज लावला, "वाघीणबाई, जेवायला या."

ती पहिल्याच हाकेला आली. राघू मात्र दचकून जागा झाला, आणि भोंग्याला त्याला मांडीवर जोजवत गार जेवण जेवावं लागलं.