खाकीचे तीन जोड

चंद्रहासने कामावर सायकलने जायचं ठरवलं, तेव्हा कोणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात बिलकूल नव्हतं. आचोळ्याहून सातिवलीपर्यंत शेअर रिक्षात पुढच्या सीटवर, म्हणजे अर्धा सीटवर आणि अर्धा रस्त्यावर, बसून जायचा त्याला कंटाळा आला होता, एवढंच. सातिवलीच्या एका गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची आणि तिथे तो क्लार्क होता. (झाकणं मोजायला माणसं वेगळी होती. चंद्रहास त्या माणसांची हजेरी मांडायचा.) शेठचा एकच दंडक होता, ऑफिसात बसणाऱ्याने पांढरा शर्ट घालायचा. गिऱ्हाईक आलं की टेबलाशी काहीतरी स्वच्छ दिसलं पाहिजे, मग माल कसाही असो.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. तेव्हा त्या रस्त्यावर डांबर कमी आणि ट्रक जास्त होते. पहिल्याच दिवशी घरून पांढरा निघालेला शर्ट सातिवलीला गेरूचा होऊन पोचला. संध्याकाळी बायकोने, स्वप्नाने, तो दोन बोटांत धरून उजेडात नेला आणि शांतपणे सांगितलं, "नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येतं. एक तर सायकल ठेवा, नाहीतर पांढरा शर्ट. दोन्ही धुवायला पुरेल एवढं पाणी या घरात नाही."

चंद्रहास विचारी माणूस होता. (विचारी माणसाने घरात बसून विचार करावा, बाहेर पडून तो अमलात आणू नये, हे त्याला पुढे कळलं.) त्याने ठरवलं की सायकलवरचे कपडे वेगळे ठेवायचे आणि पांढरा शर्ट गाळ्यात, झाकणांच्या खोक्यांमागे टांगून ठेवायचा. सायकलचे कपडे असे हवेत, की ज्यांच्यावर धूळ बसली तरी धुळीलाच कळू नये. कापडवाल्याने क्षणाचाही विलंब न लावता जाड खाकी कापडाचा तागा समोर टाकला. नाक्यावरच्या दिनानाथ टेलरने त्याचे तीन जोड शिवले. खाकी म्हटली की खांद्यावर पट्ट्या आणि छातीवर झाकणवाले दोन खिसे, एवढंच दिनानाथला येत होतं. चंद्रहासने साधा शर्ट सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "साधी खाकी नसते साहेब."

तीन जोडांचं वेळापत्रक चंद्रहासने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं. एक जोड अंगावर, एक दोरीवर, एक बादलीत पाण्याची वाट पाहत. पाण्याच्या दिवशी बादलीतला दोरीवर जायचा, दोरीवरचा अंगावर यायचा आणि अंगावरचा बादलीत. त्यात आठ दिवस चूक झाली नाही. लग्नानंतर घरात आपल्या शब्दाप्रमाणे काहीतरी चाललंय, याचं त्याला फार समाधान वाटलं.

आता सातिवलीचा रस्ता टायरला पंक्चर केल्याशिवाय सोडायचा नाही, म्हणून त्याने हवा भरायचा उभा पंप घेतला आणि सायकलच्या दांडीला बांधला. लांब लोखंडी दांडा आणि वर आडवी मूठ. त्या पंपाने सगळा घात केला.

आचोळ्यात पाणी सोडायला एक माणूस सायकलवरून यायचा. रस्त्यातल्या खड्ड्याचं झाकण उघडून लांब दांड्याच्या, आडव्या मुठीच्या चावीने तो व्हॉल्व्ह फिरवायचा. त्याला सगळे चावीवाला म्हणायचे. पाणी पहाटे कधीतरी यायचं, त्यामुळे त्याला नीट पाहिलेलं कोणीच नव्हतं. त्याची वाट मात्र सगळेच पाहायचे.

वटारहून केळी विकायला येणारी प्रेमलता ही चंद्रहासला अडवणारी पहिली बाई. तिची लेक आचोळ्यात दिली होती. तिने टोपली खाली ठेवली आणि सायकलचं हँडल धरलं.

"भाऊ, माझ्या पोरीच्या गल्लीत कवा सोडनार?"

"काय सोडणार?"

"पानी. आनि काय?"

"अहो मावशी, तो मी नव्हे. मी झाकणांच्या कंपनीत आहे."

"झाकन उघडल्याबिगर पानी येतं का?" मावशी म्हणाली आणि त्याच्या कॅरियरला चार केळी अडकवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चार बायका होत्या, तिसऱ्या दिवशी नऊ. त्याने खांद्यावरच्या पट्ट्या उसवून पाहिल्या, तर खाली कापडाचा गडद रंग राहिला आणि पट्ट्या आणखीच ठळक दिसू लागल्या. मध्ये एक दिवस तो जुना निळा शर्ट घालून निघाला, तर वीज तोडायला माणूस आला असं समजून एकाने अंगावर कुत्रा सोडला. आगीतून फुफाट्यात जाण्यापेक्षा आग बरी, असं म्हणून तो खाकीत परतला.

इकडे लेटमार्क वाढत चालले. शेवटी एका सकाळी घड्याळाकडे बघत त्याच्या तोंडून निघून गेलं, "येईल हो, उद्या सकाळी येईल." दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. त्या गल्लीचा तो वारच होता, पण हे लक्षात घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. खाकीवाला शब्दाला पक्का आहे, अशी बातमी संध्याकाळपर्यंत चंद्रहासच्या आधी त्याच्या बिल्डिंगमध्ये पोचली.

इथे स्वप्नाबद्दल सांगायला हवं. चार वर्षं ती या बिल्डिंगमध्ये राहत होती, पण भाड्याने. फ्लॅटवाल्यांच्या लेखी भाडोत्री म्हणजे जिन्यात ठेवलेलं सामान. टाकीचं पाणी वाटताना तिचा हंडा शेवटी, हळदीकुंकवाला तिची जागा दाराशी, चपलांच्या शेजारी. तिसऱ्या मजल्यावरच्या लतिकाबाई बिल्डिंगच्या सगळ्या कारभाराच्या मालकीण होत्या आणि त्यांनी चार वर्षांत स्वप्नाला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. स्वप्ना कधी काही बोलली नाही. पण संध्याकाळी ती गॅलरीत एकटी उभी राहायची, ते चंद्रहासला दिसायचं आणि आत कुठेतरी खुपायचं.

चैत्रातलं हळदीकुंकू झालं आणि स्वप्ना घरी आली ती गुणगुणत. हातात आंबेडाळीचा डबा.

"लतिकाबाईंनी शेजारी बसवलं मला," ती म्हणाली. "पन्हं दोनदा दिलं. म्हणाल्या, स्वप्नाताई, लाजू नका."

"अगं, पण का?"

"त्यांनी विचारलं, भाऊजी पाणी सोडतात ना? मी म्हटलं, त्यांच्या हातात काय असतंय? तर म्हणाल्या, किती नम्र माणसं."

"तू सांगायचंस ना, मी क्लार्क आहे म्हणून."

"सांगणार होते. तेवढ्यात पन्हं आलं."

चंद्रहास उद्याच वर जाऊन खरं काय ते सांगणार होता. मग त्याने स्वप्नाकडे पाहिलं. ती आंबेडाळ वाटीत काढत होती आणि हसत होती, आणि ते हसणं त्याने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. तो म्हणाला, "मीठ बरोबर पडलंय," आणि वाटी पुन्हा पुढे केली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुठेतरी मोठी लाईन फुटली. पहिल्या दिवशी सगळे चंद्रहासकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात त्याच्या पायाशी कोणीतरी रिकामी बादली ठेवली, अगदी मुद्दाम. बादलीत पडलेला खाकीचा जोड तसाच राहिला, दोरी रिकामी झाली, वेळापत्रक बंद पडलं, आणि अंगावरचा जोड इतका कडक झाला की काढून ठेवला तर कोपऱ्यात उभा राहायचा.

चौथ्या दिवशी लतिकाबाई स्वतः खाली आल्या. येत्या रविवारी त्यांच्या नातीचं बारसं होतं. दीडशे माणूस. "पाळण्याच्या एका बाजूला स्वप्नाताई उभ्या राहतील, मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणायला. आता भाऊजी, बारशाच्या दिवशी घरात पाणी नसेल तर पाळण्याशी कोण उभं राहणार ते तुम्हीच बघा." हे बोलताना आवाज अगदी गोड होता.

त्या गेल्यावर स्वप्नाने ट्रंकेतून लग्नातली जांभळी पैठणी काढून पलंगावर पसरली. तिने नुसता पदरावरून हात फिरवला आणि चंद्रहासने ताट बाजूला सारलं. बाकी काही नाही, पण एका रविवारी, एका पाळण्याशेजारी ही बाई उभी राहिली पाहिजे, असं त्याला पोटातून वाटलं. देवाला सांगावं तर देव्हाऱ्यातसुद्धा पाण्याची वाटी कोरडी होती.

शनिवारी दुपारी हाफ डे घेऊन तो खऱ्या चावीवाल्याच्या शोधात निघाला. दोन तास आचोळ्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्यावर तो सापडला. रस्त्याकडेच्या खड्ड्यापाशी, चौकड्याची लुंगी आणि भोकाभोकांचं बनियन घालून एक पन्नाशीचा माणूस बिडी ओढत बसला होता. शेजारी चावी होती, पंपाची थोरली बहीण शोभावी अशी. नाव शत्रुघ्न. चंद्रहासने पहिल्यापासून सगळं सांगितलं, शर्टाच्या धुळीपासून पैठणीपर्यंत.

शत्रुघ्नने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हनजे लोकांची केळी खातो तो खाकीवाला तू?"

"चारच खाल्ली हो."

"बावीस वर्सं चावी फिरवतोय मी. कोनी चहा विचारला नाय. पानी गेलं की शिव्या मला, आनि आलं की केळी तुला? आयत्या बिळावर नागोबा." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "माझी खाकी मेव्हन्यानं रिक्षा चालवायला नेली. लुंगीवर सांगतो मी चावीवाला हाय, तर लोकं मलाच विचारतात, चावी कुठून चोरली."

चंद्रहासने हात जोडले. "काका, उद्या सकाळी फक्त आमची गल्ली."

"लाईन जोडून झाली. पानी उद्या येनारच हाय. पयली गल्ली कुठली, ते माझ्या हातात." शत्रुघ्नने बिडी विझवली. "किती जोड हायत तुझ्याकडं?"

"तीन."

"तिन्ही पायजेत."

"तिन्ही? आणि मी सायकलवर काय घालू?"

"ते तू बघ. मला पन एक अंगावर, एक दोरीवर, एक बादलीत लागतो की."

हे गणित चंद्रहासचंच होतं. तो घरी गेला, अंगावरून काढून कोपऱ्यात उभा केलेला जोड आणि बादलीतला आंबलेला जोड पिशवीत कोंबून घेऊन आला. दोरीवरून उतरलेला तिसरा अंगावर होता. शत्रुघ्नला विश्वास नव्हता. "हितंच दे," तो म्हणाला. एका पडक्या भिंतीआड अदलाबदल झाली. शत्रुघ्न खाकीत बाहेर आला, पोटावरची बटणं ताणलेली, पण खांदे एकदम वर. आणि चंद्रहास चौकड्याच्या लुंगीत.

लुंगी सांभाळत सायकल चालवता येत नाही. तो सायकल हातात धरून, उघड्या अंगाने, भर संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकातून चालत आत आला. गॅलऱ्या भरलेल्या होत्या. कोणी काही विचारलं नाही. एका गॅलरीतून फक्त "अरेरे" असं ऐकू आलं. चंद्रहासला वाटलं, लोक त्याच्या त्यागाची कदर करताहेत.

रविवारी सात वाजता नळाने दोनदा खोकून जे पाणी सोडलं, ते थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं. हंडे, पातेली, बादल्या, पिंप, सगळं भरलं. चंद्रहास गॅलरीत उभा राहून पाण्याचा आवाज ऐकत होता. बऱ्याच दिवसांनी त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. स्वप्ना पैठणी नेसली, गजरा माळून वर गेली. जाताना तिने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो मनातल्या मनात तिन्ही जोडांवर उदक सोडून मोकळा झाला.

अर्ध्या तासाने तो घरातला एक जुना पांढरा शर्ट घालून वर पोचला. दारातच त्याला खांद्यावर पट्ट्यांच्या गडद खुणा असलेला माणूस दिसला. शत्रुघ्न पाटावर बसून घुगऱ्या खात होता आणि दोघी जणी त्याला पंख्याने वारा घालत होत्या. पाळण्याच्या एका बाजूला मुलीची आत्या होती. दुसऱ्या बाजूला नऊवारी नेसलेली एक अनोळखी बाई "गोपाळ घ्या" म्हणत होती. ती शत्रुघ्नची बायको. स्वप्ना दाराशी, चपलांच्या शेजारी बसली होती, पैठणीचा पदर पायांपासून जपत.

लतिकाबाई लगबगीने चंद्रहासपाशी आल्या. आवाज खरोखरच हळवा झाला होता. "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. सरकारी नोकरी म्हटली की चौकशी, निलंबन, हे चालायचंच. पण भर रस्त्यात अंगावरचा गणवेश काढून घ्यायचा म्हणजे जरा जास्तच झालं. नवीन माणूस मात्र चांगला आहे हो. आल्या आल्या पाणी. म्हणून लगेच जोडीने बोलावून घेतलं."

चंद्रहास सांगणार काय? त्याच्या हातात घुगऱ्यांची पुडी पडली, स्वप्नाच्या हातात दुसरी, आणि दोघं खाली आले. घरात सगळी भांडी काठोकाठ भरलेली होती. स्वप्नाने पैठणी उतरवून घडी घातली, एक पेलाभर पाणी घेतलं आणि न पिता तशीच बसून राहिली.

"अगं, तू तरी असं करू नकोस," चंद्रहास काकुळतीला येऊन म्हणाला. "ती नोकरी मला कधी लागलीच नव्हती."

"ते मला माहीत आहे हो," स्वप्ना म्हणाली. "पण घालवायची काय गरज होती?"