वरचा रस्ता बंद

शेलूबाजारात उत्तमकाकांच्या घरी कोणीही सरळ आत गेलेलं माझ्या पाहण्यात नाही. दाराच्या चौकटीला एक खिळा आहे, खिळ्याला एक पंचा आहे आणि पंच्याजवळ बहुतेक वेळा स्वतः उत्तमकाका असतात. पाहुणा पायरीवर आला की ते पंचा काढतात आणि त्याचे दोन्ही खांदे, पाठ, मग गुडघ्याखालचा भाग झटकायला लागतात. पाहुण्यानं मध्येच काही सांगायला तोंड उघडलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "आधी झटका, मंग बोला."

एकदा निवडणुकीत एक उमेदवार आपली माणसं घेऊन हात जोडत आले. काकांनी त्यांना पायरीवरच उभं केलं, पुढून झटकलं, "फिरा" म्हणून मागून झटकलं, आणि बरोबरच्या कार्यकर्त्यांना सांगितलं, "पाय आपटा जरासे." सगळ्यांनी आपटले. या सगळ्या कवायतीत उमेदवार इतके गांगरले, की काकांचे आभार मानून पुढच्या घरी निघून गेले. मत मागायचं राहूनच गेलं.

आता एवढ्या धूळवैऱ्या माणसाच्या शेजारी नशिबानं कोणाचं घर असावं? तर माझं. आणि माझी पिठाची गिरणी आहे.

काका मला नावानं हाक मारत नाहीत, 'पीठवाल्या' म्हणतात. गिरणीच्या ज्या खिडकीचं तोंड त्यांच्या अंगणाकडे आहे, तिला त्यांनी स्वखर्चानं जाड कापडाचा पडदा लावून दिला आहे. तरी रोज संध्याकाळी ते ओलं फडकं घेऊन आपली भिंत पुसतात आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, "आज लय दळलं बाप्पा यानं." त्यांची सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत वजनकाट्यावर गेली. "जिंदगीभर रुई खाल्ली," ते सांगतात, "आता तुह्यं पीठ कायले खाऊ?"  मी पुढचं दळण ओततो.

घरातल्या प्रत्येक वस्तूला खोळ आहे. टीव्हीला आहे, टीव्हीच्या रिमोटला आहे, सायकलला आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला एक फुलाफुलांचा जुना परकर आहे. या सगळ्या खोळी सुमनकाकूंनी आपल्या मशीनवर शिवल्या. काकू हसऱ्या होत्या. शिवता शिवता मला म्हणायच्या, "पाह्य रे बाबू, एखाद्या दिवशी मलेबी खोळ घालून ठेवतीन हे." काका तिकडून ओरडायचे, "तू कुठं एका जागी बसतं? तुह्यावर धूळ बसतेच कधी?"

मागच्या वर्षी त्या काकू गेल्या. सकाळी छातीत दुखतं म्हणाल्या, वाशीमला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली मस्कतला दवाखान्यात नर्स आहे. तिला येणं जमलं नाही. आईचं शेवटचं दर्शन तिनं मोबाइलवर घेतलं. तो मोबाइल मी धरला होता, आणि गर्दीच्या रेट्यात तो सारखा हलत असल्यामुळे तिला नीट दिसलंही नसेल. तेरवीपर्यंत घरात माणसांची रीघ होती. खिळ्यावर पंचा नव्हता. लोक धुळीच्या पायांनी थेट माजघरापर्यंत जात होते आणि काका भिंतीला टेकून नुसते बघत होते. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पंचा पुन्हा खिळ्याला लागला. खरं सांगतो, आमच्या सगळ्या गल्लीला हायसं वाटलं.

वैशालीचा फोन रोज येतो. काका तिला रोज एकच प्रश्न विचारतात, "तिथं आज वाळू उडून राह्यली का?" ती 'हो' म्हणाली तर नाकाला रुमाल बांधायला सांगतात, 'नाही' म्हणाली तर बरं म्हणतात, आणि फोन ठेवतात. ती एकदा माझ्याजवळ कुरकुरली होती, "दादा, बाबा मले कधी विचारतच नाही, का तू कशी आहेस म्हून. निसती वाळू इचारतात."

वर्षश्राद्धाला मात्र ती येणार होती. सुटी थोडी होती, पण मिळाली होती. नागपूरपर्यंत विमान आणि तिथून गाडीनं शेलूबाजार, असा सगळा बेत ठरला होता.

आणि त्याच सुमारास तिकडं आफ्रिकेत, इथिओपियात, ज्वालामुखी फुटला.

बातमी मी गिरणीत मोबाइलवर पाहिली. राखेचा लोट समुद्र ओलांडून अरबस्तानावरून आपल्या देशाकडे येतो आहे, असं त्यात होतं. मी मोठ्यानं वाचलं आणि पडद्यापलीकडून काका धावतच आले. गिरणीत पाऊल न ठेवण्याचा त्यांचा नेम त्या दिवशी मोडला.

"काय म्हनलं? राख? इथं?"

"इथं म्हणजे आभाळात काका, खूप उंचावर."

"मी सांगत नवतो?" ते दळणाला आलेल्या बायांकडे वळून म्हणाले. "बीस साल पासून सांगून राह्यलो, धुळीचा भरोसा नाही. पाह्यलं? कुठून कुठं आली!"

त्या दिवशी काकांचा भाव एकदम वाढला. तुरीवर राख पडेल का, वाळवण आत घ्यावं का, असं लोक त्यांनाच विचारायला येऊ लागले. झटकून घेऊन विचारत होते, तक्रार न करता. काकांनी एक धुतलेलं पांढरं धोतर गच्चीवर अंथरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि जाहीर केलं, की संध्याकाळी पुरावा दाखवतो. संध्याकाळी खरंच धोतरावर बारीक पिवळी भुकटी होती. ते उघडलेलं धोतर दोन्ही हातांवर घेऊन, लहान लेकरू आणावं तसं जपून ते गल्लीत आले.

"पाहा. पिवयी हे. ज्वालामुखीची पिवयीच राह्यते."

मी बोटावर घेऊन पाहिलं. वास घेतला. "काका, हे बेसन आहे. आज पडदा जरा सरकला होता."

लोक हसले. काकांना राग यायला हवा होता, पण ते इतके खुशीत होते की धोतर माझ्याच अंगणात झटकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. मी त्यांच्या ओसरीवर झटकून घेऊन चहा पीत बसलो होतो. काकांनी सवयीनं विचारलं, "वाळू उडून राह्यली का?" आणि मग पलीकडचं ऐकता ऐकता रुमालाचं सांगायचंच विसरले.

"इमान रद्द झालं म्हंते," फोन खाली ठेवून ते म्हणाले. "काहून, तं राख हे म्हंते आभायात."

 काल दिवसभर या माणसानं त्या राखेचं कौतुक केलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी मला विमान कंपनीला फोन लावून द्यायला सांगितलं. पलीकडे आधीच रेकॉर्ड केलेला बायकी आवाज होता, मराठीसाठी अमुक दाबा, तिकिटासाठी तमुक दाबा. काकांना तो आवाज खऱ्या बाईचा वाटला.

"बाई, माह्यं आईकून घ्या," ते तिला म्हणाले. "राख बसली अशीन तं पुसून घ्या ना. सुती कपडा घेजा, ओला, पिळून. कोनी पुसनारं नसन तिथं तं मी येतो. तुमी फक्त इमान निघू द्या."

बाई म्हणाली, मुख्य मेनूसाठी शून्य दाबा.

मग मी त्यांना समजावून सांगितलं, की ती राख इंजिनात जाते, आतल्या उष्णतेनं वितळते, काचेसारखी चिकटून बसते आणि इंजिन बंद पडू शकतं. काकांचा चेहरा उतरला. "मंग नको," ते पटकन म्हणाले. "मंग नकोच उडवू." आणि थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "पन मंग ते येईन कशी?"

संध्याकाळी वैशालीनं मला फोन केला. ती रडत होती. "दादा, माय गेली तवा पोचली नाही. आता वर्षश्राद्धालेबी नाही. परवाची तिथी हे, तवरीक कायी होत नाही. बाबाले म्हना, करून घ्या. मी आता सुटीच रद्द करतो. कायले येऊ?"

मी निरोप घेऊन गेलो, तर तिथं आधीच बैठक बसली होती. काकूंचे भाऊ श्रीकृष्णमामा इंझोरीहून आले होते. भटजी महाराज सामान सांगत होते. मी निरोप सांगितला. मामांनी मान हलवली, "बिचारी. पन इलाज नाही. चला, आपुन करून घेऊ."

"आपुन कायी करून राह्यलो नाही," काका म्हणाले.

"म्हंजे?"

"पोरगी येईन त्या दिवशी करू."

मामा चमकले. "भाऊजी, तिथी अशी सरकवता येते का? ताई उपाशी जाईन ना."

"कुठून येनार हे तुही ताई?"

"कुठून म्हंजे? वरून!"

"वरून इमानं येऊन राह्यली का?"

"नाही..."

"मंग ते कशी येईन?" काकांनी शांतपणे विचारलं. "एवढी मोठी लोखंडाची इमानं थांबून राह्यली. तिले तं मिरचीच्या फोडनीनं ठसका लागे. त्या राखेतून येईन का ते? वरचा रस्ता बंद हे, श्रीकृष्णा. साफ होऊ दे. मंग दोघीबी येतीन."

 मामांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, जणू काही खात्री करून घ्यावी तसं. महाराज उपरण्यानं तोंड पुसत राहिले, त्यामागं ते हसत होते की आणखी काही, मला कळलं नाही. मग म्हणाले, "अडचण आली तर पुढं करता येते. शास्त्रात तेवढी वाट ठेवली आहे."

"पन लोक काय म्हनतीन?" मामांचा शेवटचा प्रयत्न.

"येऊ दे त्यायले. आधी झटकतीन, मंग म्हनतीन."

त्यांनी तिथूनच वैशालीला फोन लावला. या वेळी वाळूचं विचारलं नाही. "सुटी रद्द करू नको," ते म्हणाले. "तुह्याबिगर तुह्या मायचं पान वाढत नाही मी. कवाबी ये. आमी हावो."

पुढचे दिवस काका तासातासाला मला मोबाइल बघायला लावत. वारा कोणीकडे आहे, राख कुठपर्यंत सरकली. एका दुपारी मी सांगितलं, की ती आता चीनकडे गेली. "जाऊ दे," ते हसून म्हणाले, "त्यायले झटकू दे जरासं." त्यांचं हे हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

वैशालीचं विमान अखेर निघालं. तिला घ्यायला आम्ही ओळखीच्या जीपनं समृद्धी महामार्गावरून नागपूरला गेलो. काचा वर करून, अर्थातच. विमानतळाच्या दारातून ती बाहेर आली. दोन दिवस कुठल्याशा बाकावर काढल्यासारखे कपडे चुरगळलेले, डोळे सुजलेले. ती पाया पडायला वाकणार तेवढ्यात काकांनी पिशवीतून पंचा काढला. सगळ्या लोकांसमोर त्यांनी मुलीला झटकायला सुरुवात केली, आणि तीसुद्धा शाळेतल्या पोरीसारखी दोन्ही हात पसरून उभी राहिली. खांदे झाले, पाठ झाली. मग पुन्हा खांदे. पुन्हा पाठ. शेवटी वैशालीच म्हणाली, "बाबा, झालं ना आता. कायी नाही राह्यलं."

"हो," काका म्हणाले, आणि तिची बॅग उचलून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. पान वैशालीनं वाढलं. महाराजांनी पाणी सोडायला काकांना पुढं बोलावलं, तर त्यांनी तिला पुढं केलं आणि आपण मागं बसले. मामांनी काही हरकत घेतली नाही, उलट जेवताना भजी दोनदा मागून घेतली आणि जाताना काकांच्या पाठीवर हात ठेवला.

चारच्या सुमारास मी त्यांच्याकडची आमची पातेली न्यायला गेलो. पाहुणे पांगले होते. काका दारातच उंबऱ्यावर बसले होते, आत पाठ करून. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी आत डोकावलो. माजघरात चटईवर, डोक्याखाली हात घेऊन वैशाली झोपली होती. गाढ. बारीक घोरत होती.

"उठवू का?" मी हळूच विचारलं. "तिनं म्हटलं होतं, चार वाजता उठवा म्हणून. काकूंच्या साड्या लावायच्या आहेत."

काकांनी मान हलवली. सरकून मला उंबऱ्यावर जागा दिली.

"साड्या राहू दे," ते कुजबुजले. "तू बी बस जरासा. वरीस झालं पीठवाल्या, या घरात कोनाचं घोरनं आईकलं नाही."

मी बसलो. आम्ही दोघंही रस्त्याकडे तोंड करून ऐकत राहिलो.