काकवीचा गुण

साखर रेशनवर गेली त्या वर्षी मी ठरवलं, आता घरात साखर नको, काकवी. (ठरवते मीच. हंबीरराव, म्हणजे आमचे मालक, नुसते बसतात.) मिरच्या बांधून आलेल्या कागदावर छापलेलं होतं: काकवीनं रक्त वाढतं, हाडं बळकट होतात, अंगात लोह येतं. पाण्यात पातळ करून घ्यावी. पुढचा कागद फाटलेला. शाळेचं तोंड न बघता, पोरांच्या पाट्यांवरून वाचायला शिकलेली बाई मी. फाटक्या कागदालाही मान देते. गुऱ्हाळावरून आणलेली सबंध बरणी एकदमच पातळ केली आणि चुलीच्या उबेला ठेवली.

शेजारची मनुबाई म्हणाली, "आवं आत्ती, काकवीला पान्याचा हात लागू देत न्हाईत."

"तुला वाचता येतं का?" मी विचारलं. ती गेली.

रोज सकाळी मालकांना एक फुलपात्र. आठव्या दिवशी गुण दिसला. लग्नापासून तोंडाला कुलूप घातलेला माणूस म्हशीला पलटणीतल्या गोष्टी सांगू लागला. दुपारी आपण होऊन दुसरं फुलपात्र मागू लागला. मी गावभर सांगत सुटले. लोह ते लोह!

अशात निरोप आला, पलूसचे आप्पासो आपल्या पोरासाठी आमच्या नातीला, बनूला, बघायला येतायत. आधीची दोन ठिकाणं मोडली होती. (आजीचं तोंड फार चालतं म्हणून, असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतंय.) त्यात आप्पासो माळकरी, बिडीलासुद्धा न शिवणारे. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरेना. दारात, चुलीपाशी, परत दारात. दोनदा चूल फुंकली, ती पेटलेलीच होती.

आप्पासो आले. बरोबर धाकटा भाऊ केरबा, पलटणीतून रजेवर आलेला. चहाऐवजी मी काकवी दिली आणि कागद वाचून दाखवला. आप्पासोंनी तीन फुलपात्रं घेतली. मग पोरगी बाहेर यायच्या आधीच मला विहीणबाई म्हणाले, दारातल्या शेळीला रामराम घातला आणि अभंग धरला. मालकांनी परातीवर ठेका धरला. बनू आत तोंडात पदर कोंबून हसत होती.

केरबानं आपलं फुलपात्र हुंगलं. "दादा, पलटणीत रम मिळती. ही तिची थोरली भन हाय."

गेलं, तिसरंही गेलं. आणि या खेपेला सगळा तालुका नाव घेऊन सांगणार, कुणी मोडलं ते.

आप्पासोंनी गळ्यातली माळ चाचपली. "केरबा, मी दारू पितो व्हय रं?"

"न्हाई."

"मग मी प्यालो ती दारू कशी आसंल? औशद हाय. छापून आलंय."

"पर दादा..."

"ह्ये ठिकान मोडलं तर गाव इचारंल, का मोडलं. काय सांगशील?"

केरबानं फुलपात्र खाली ठेवलं. सुपारी फुटली.

पाहुण्यांची गाडी वळल्यावर मी मालकांना धरलं. "तुमीबी पलटणीतलं. तुमाला कवा कळलं?"

"पयल्या आठवड्यात."

"मग बोलला का न्हाई?"

"तू शिकलेली," मालक म्हणाले. "आमी अडानी. मधी कशाला बोलावं? त्यो कागूद तेवढा जपून ठिव."